हसविणाऱ्याचे अश्रू : जोसेफ ग्रिमाल्डी

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप जात नाही. नाटुकल्यात गड्याचे विनोदी काम करणारा आमचा एक विद्यार्थी दुसऱ्या प्रवेशात लंगडत लंगडत रंगमंचावर आला आणि सारा मांडव हास्याने दणाणून गेला. पुढे जमिनीवर बसलेली चिमुरडी मुले तर टाळ्या पिटीत त्याच्या लंगडण्याची नक्कल करू लागली. आम्हीही पोटभर हसलो. पडदा पडल्यावर आत जाऊन पाहतो तो काय, मुलगा एका पेटाऱ्यावर बसलेला, घोटा टम्म सुजलेला आणि डोळ्यांत पाणी! पहिल्या प्रवेशानंतर अंधारात त्याचा पाय फळीवरून निसटला होता. त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर नाटक थांबले असते. त्या रात्री घरी परतताना आम्हांस एका जुन्या विदूषकाची आठवण झाली. त्याच्या लंगडण्यालाही लोक असेच हसत असत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडन शहराला वेड लावणाऱ्या त्या नटाचे नाव जोसेफ ग्रिमाल्डी. त्याची जीवनकथा आमच्या विद्यार्थ्यांना सांगावी, असे तेव्हापासून आमच्या मनात होते.

आपल्या संस्कृत नाटकांत विदूषक आहे आणि दशावतारी खेळात संकासुर आहे. त्यांना पाहताच आपणांस हसू फुटते. इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत होणाऱ्या 'पँटोमाईम' नावाच्या खेळाचे स्वरूप काहीसे असेच असते. नृत्य, संगीत, मूकाभिनय, चमत्कार आणि धांगडधिंगा यांचे ते एक मिश्रण होय. ग्रिमाल्डीच्या पूर्वी या खेळाचा नायक हार्लेक्विन नावाचा रंगीबेरंगी ठिगळांचा पोशाख घालणारा चपळ नर्तक असे, आणि विदूषक हा एक दुय्यम गावंढळ गडी असे. ग्रिमाल्डीने हा क्रम उलटा केला. तो रंगभूमीवर आला आणि विदूषक हाच खेळाचा राजा झाला. आजही इंग्रजी बोलणाऱ्या देशांत सर्कशीतील विदूषकाला 'जोई' म्हणतात, ते याच्याच लाडक्या नावावरून.

जोसेफचा जन्म 18 डिसेंबर 1778 रोजी लंडन येथे झाला. त्याचा पिता जुझेप्पे ग्रिमाल्डी हा मूळचा इटालियन. ड्रुरी लेन या प्रसिद्ध नाट्यगृहात तो नृत्यशिक्षक होता. पुत्रजन्माच्या वेळी त्याने वयाची साठी ओलांडली होती. माता रिबेका ही त्याच नाट्यगृहातील एक साधी नर्तकी. उभयतांचा विवाह झालेला नव्हता, आणि त्या वृद्धाचे इतरत्रही संसार होते. अशा घरात जन्मलेल्या मुलाला स्वस्थ बालपण कोठून लाभणार?

वयाची तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 1781 साली, जोसेफ सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या रंगभूमीवर उभा राहिला. ज्या वयात आपल्याकडील मुले आजीच्या मांडीवर बसून काऊचिऊचे घास घेतात, त्या वयात हा मुलगा रोजंदारी मिळवू लागला. एका खेळात त्याला माकडाचे सोंग दिले होते. बाप त्याच्या कमरेला साखळी बांधून त्याला डोक्याभोवती गरागरा फिरवीत असे. एके रात्री ती साखळी तुटली आणि मूल थेट प्रेक्षकांत भिरकावले गेले. सुदैवाने एका वृद्ध गृहस्थाच्या अंगावर ते पडले, म्हणून वाचले. हा प्रसंग पुढे ग्रिमाल्डीने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

हा पिता कलावंत म्हणून निष्णात होता, तथापि त्याचा स्वभाव विलक्षण कठोर व विक्षिप्त होता. मुलांकडून किंचित चूक झाली तरी छडी तयारच असे. मृत्यूच्या विचाराने त्याला अखंड पछाडलेले होते. आपणांस जिवंतपणीच पुरतील की काय, या भयाने त्याने मृत्युपत्रात असे लिहून ठेवले होते की, दफनापूर्वी आपले मस्तक धडावेगळे करावे. आणि ते तसे करण्यातही आले. एकदा तर, आपल्या पश्चात मुले कशी वागतील हे पाहण्यासाठी त्याने मेल्याचे सोंग घेतले आणि दोन्ही मुलांना प्रेताजवळ आणविले. धाकटा जॉन आता मार चुकला म्हणून आनंदाने नाचू लागला. जोसेफला मात्र संशय आला. त्याने धाय मोकलून रडण्याचा असा हुबेहूब अभिनय केला की, बापाने उठून त्याला पोटाशी धरले आणि जॉनला बडवून काढले. हा प्रसंग ऐकून हसू येते खरे. पण ज्या मुलाला बापापुढेसुद्धा नट व्हावे लागते, त्याच्याविषयी आम्हांस कीव वाटते.

1788 साली जुझेप्पे खरोखरच मरण पावला. जोसेफ त्या वेळी नऊ वर्षांचा होता. सॅडलर्स वेल्सच्या चालकांनी त्याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंगांवरून एकदम तीन शिलिंगांवर आणला. जॉन घरातून निघून जहाजावर नोकरीस गेला. आईचा भार या पोरक्या मुलावर पडला. तो एकाच रात्री दोन दोन नाट्यगृहांत कामे करू लागला. एका ठिकाणचा प्रवेश संपताच मैलभराहून अधिक अंतर धावत जाऊन तो दुसऱ्या ठिकाणी हजर होई. आमच्या ज्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाची घंटा होण्यापूर्वी शाळेत पोहोचणे जड जाते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे!

एवढ्या कष्टांतही त्याने एक छंद जिवापाड जपला होता. त्याला फुलपाखरे जमविण्याचा नाद होता. रात्रीचा खेळ आटोपला की तो लंडनबाहेर कित्येक मैल पायी चालत जाई, पहाटे कुरणांतून फुलपाखरे पकडी आणि संध्याकाळच्या खेळाला परत येऊन उभा राही. या रीतीने त्याने चार हजारांच्या घरात नमुने जमविले होते. एके दिवशी घरात चोर शिरले आणि त्यांनी त्या पेट्यांची मोडतोड करून टाकली. त्यानंतर त्याने तो छंद सोडून दिला.

सॅडलर्स वेल्सच्या मालकाची कन्या मारिया ह्यूज हिच्यावर त्याचे प्रेम होते. 1799 च्या मे महिन्यात त्यांचा विवाह झाला. एक साधा नट मालकाचा जावई झाला. सुखाचे दिवस आले असे वाटले. परंतु हे सुख दीड वर्षही टिकले नाही. 18 ऑक्टोबर 1800 रोजी प्रसूतीच्या वेळी मारिया मरण पावली, आणि तिच्याबरोबर मूलही गेले. त्या वेळी ग्रिमाल्डीचे वय एकवीस होते. दुःखाने तो वेडापिसा झाला. त्याची मित्रमंडळी त्याला क्षणभरही एकटे सोडीत नसत. तथापि रंगभूमी त्याची वाट पाहत होती. पुन्हा चेहऱ्यास रंग लावून तो लोकांना हसवू लागला.

योगायोग असा की, हे 1800 सालच त्याच्या कलेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. याच वर्षी सॅडलर्स वेल्सच्या एका खेळात त्याने विदूषकाचे नवे रूप धारण केले. पूर्वी विदूषक केवळ तांबूस रंग फासून खेडवळ गड्यासारखा येत असे. ग्रिमाल्डीने आपला सारा चेहरा पांढराशुभ्र केला, दोन्ही गालांवर लाल रंगाचे ठसठशीत त्रिकोण काढले आणि अंगात भडक रंगांचा चित्रविचित्र पोशाख चढविला. मेणबत्त्यांच्या आणि तेलाच्या दिव्यांच्या मंद उजेडात अगदी मागच्या बाकावरील प्रेक्षकालाही त्याच्या भुवईची हालचाल दिसू लागली. आज जगातील कोणत्याही सर्कशीत विदूषकाचा पांढरा चेहरा आपण पाहतो, त्याचे मूळ बहुतांशी येथे आहे.

पुढे एका खेळात त्याच्या बुटात खोचलेले पिस्तूल अकस्मात उडाले आणि पायाला मोठी इजा झाली. कित्येक आठवडे तो अंथरुणाला खिळून होता. त्या दुखण्यात मेरी ब्रिस्टो या नटीने त्याची मनोभावे शुश्रूषा केली. 1801 च्या अखेरीस त्याने तिच्याशी विवाह केला. पुढील वर्षी नोव्हेंबरात त्यांना पुत्र झाला. त्याचेही नाव जोसेफ असेच ठेवले.

1803 सालची एक घटना तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. खेळ चालू असताना नाट्यगृहाच्या मागील दाराशी दोन गृहस्थ आल्याचे ग्रिमाल्डीला सांगण्यात आले. त्यांपैकी एक उन्हाने रापलेला खलाशी होता. तो त्याचा भाऊ जॉन होता! कित्येक वर्षांनी भेट झाली. दोघेही गहिवरले. जॉनपाशी पुष्कळ पैसा होता, आणि खेळ संपल्यावर आईला भेटावयास जाण्याचे दोघांनी ठरविले. इतक्यात ग्रिमाल्डीच्या प्रवेशाची वेळ झाली. तो आत गेला, त्याने आपले काम केले, लोकांना हसविले आणि कपडे बदलून बाहेर येऊन पाहतो तो जॉन नाही. त्या रात्री त्याने गल्ल्यांतून, ओळखीच्या घरांतून त्याचा शोध केला. पुढेही बराच तपास केला. परंतु जॉन पुन्हा कधीही कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्या थोड्या मिनिटांसाठी आपण रंगमंचावर गेलो नसतो तर, हा विचार त्याला किती रात्री छळीत राहिला असेल!

29 डिसेंबर 1806 रोजी कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात 'हार्लेक्विन अँड मदर गूज' हा पँटोमाईम रंगभूमीवर आला, आणि ग्रिमाल्डीच्या कीर्तीला सीमा उरली नाही. या खेळात भपकेबाज देखावे फारसे नव्हते. सारी मदार विदूषकावर होती. त्या हंगामात त्याचे 92 प्रयोग झाले. सरदार, दुकानदार, हमाल, शाळकरी पोरे, सारेच त्याला पाहावयास लोटले.

त्याच्या विनोदात असे काय होते? रंगभूमीवर पडलेल्या कोणत्याही क्षुद्र वस्तूपासून तो दुसरीच काही वस्तू निर्माण करी. भाज्यांच्या ढिगातून एकेक जिन्नस उचलून तो एक माणूस रचून उभा करी. आणि तो भाजीचा माणूस जिवंत होऊन उलट त्यालाच ठोसे लगावी. मुलाचा पाळणा आणि चीजचे चार गोल गड्डे घेऊन तो ऐटबाज घोडागाडी बनवी. 1812 च्या सुमारास लष्करातील घोडेस्वारांच्या भपकेबाज गणवेशाची फार चलती होती. ग्रिमाल्डीने कोळसा ठेवण्याच्या दोन बादल्यांत पाय घालून त्यांचे बूट केले, थंडीत बायका हात घालतात ती लोकरीची नळी डोक्यावर उलटी चढविली आणि तो त्याच रुबाबात चालू लागला. प्रेक्षक हसून लोटपोट झाले. एकही शब्द न बोलता त्याने बड्यांच्या डौलाची टर उडविली होती. चोरी करणारा, आधाशासारखा खाणारा, शिपायाला चकविणारा असा हा विदूषक होता. तरीही त्याच्या मुद्रेवर लहान मुलाचा असा निरागस भाव असे की, त्याचा राग कोणालाच येत नसे.

परंतु या हास्याची किंमत त्याचे शरीर मोजीत होते. उंचावरून उड्या मारणे, रंगमंचाच्या फळ्यांतील चोरदारांतून खाली कोसळणे, खोट्या मारामाऱ्यांत खरे आघात सोसणे हा त्याचा नित्याचा क्रम होता. हाडे मोडली, सांधे निखळले, तरी दुसऱ्या दिवशी खेळ होताच. अंगचे दुखणे त्याने सोंगात असे मिसळून टाकले होते की, दुःख कोठे संपते आणि अभिनय कोठे सुरू होतो, हे प्रेक्षकांस कळत नसे. एक दंतकथा अशी सांगतात की, खिन्नतेने ग्रासलेला एक अनोळखी रुग्ण वैद्याकडे गेला असता वैद्याने त्याला ग्रिमाल्डीचा खेळ पाहून मन रमविण्यास सांगितले. तेव्हा आपणच ग्रिमाल्डी आहोत, असे त्या रुग्णाने कळविले. हीच कथा इतर विदूषकांविषयीही सांगतात. तथापि ती ग्रिमाल्डीच्या नावाला इतकी चिकटून राहावी, यावरून त्याच्या समकालीनांना त्याची स्थिती किती ठाऊक होती हे दिसून येते.

पैसा त्याने पुष्कळ मिळविला, आणि तितकाच घालविला. व्यवहार त्याला कधी जमला नाही. 1818 मध्ये त्याने सॅडलर्स वेल्समध्ये भागीदारी घेतली, आणि त्यात त्याला मोठी खोट आली. प्रकृतीही झपाट्याने ढासळू लागली. 1823 साली कॉव्हेंट गार्डनमधील अखेरच्या खेळांच्या वेळी पडद्याआड दोन माणसे हात पसरून उभी असत. टाळ्यांच्या कडकडाटात ग्रिमाल्डी आत येई तो त्यांच्या हातांवर कोसळे. मग ती त्याच्या वळलेल्या पोटऱ्या व हात चोळीत, आणि पुढच्या प्रवेशासाठी त्याला पुन्हा उभे करीत. अखेर एके दिवशी त्याला उभे राहणेच अशक्य झाले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो पंगू झाला.

त्याची जागा त्याच्या मुलाने घेतली. येथे या कथेतील सर्वांत करुण भाग येतो. आपल्या बापाने आपणांस जसे बडविले तसे आपण आपल्या मुलास वागवावयाचे नाही, असा ग्रिमाल्डीचा निश्चय होता. त्याने मुलाला उत्तम शाळेत घातले आणि कधी कठोर शब्द ऐकविला नाही. 1814 साली सॅडलर्स वेल्समध्ये बाप रॉबिन्सन क्रूसो आणि मुलगा त्याचा सेवक फ्रायडे, अशी दोघांनी एकत्र कामे केली. त्या दिवशी बापाला धन्यता वाटली असेल. मुलाच्या अंगी गुण होते, परंतु पुढे त्याला दारूचे व्यसन लागले. तो घर सोडून गेला, कर्जापायी तुरुंगात पडला आणि एकामागून एक कामे गमावून बसला. अधूनमधून तो आजारी व फाटक्या अवस्थेत आईबापांच्या दारी येई. ते त्याला जवळ करीत. बरा झाला की तो पुन्हा निघून जाई. 11 डिसेंबर 1832 रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. एका घरात अतिकठोर बाप झाला आणि त्याच घराच्या पुढच्या पिढीत अतिकोमल बाप झाला. मुलांना वाढवावे कसे, हा प्रश्न आम्हां शिक्षकांसही रोज पडतो. मात्र ग्रिमाल्डीच्या मायेला दोष देण्यास आमचे मन धजत नाही.

त्यापूर्वी, 1828 साली, लंडनने आपल्या लाडक्या विदूषकाचा निरोप घेतला होता. 17 मार्च रोजी सॅडलर्स वेल्समध्ये आणि 27 जून रोजी ड्रुरी लेनमध्ये त्याच्या मदतीसाठी खेळ झाले. जो एके काळी वाऱ्यासारखा धावत असे, तो ड्रुरी लेनमध्ये खुर्चीवर बसूनच आपले छोटे काम करू शकला. मुद्रा मात्र तीच होती आणि प्रेक्षकही तसेच हसले. शेवटी त्याने निरोपाचे चार शब्द बोलण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याचा कंठ दाटून आला आणि हसणारे ते सारे नाट्यगृह रडू लागले. ड्रुरी लेनच्या नटांसाठी असलेल्या निधीतून त्याला वर्षाला शंभर पौंड मिळू लागले. त्यावर त्याचा निर्वाह चालला.

मुलगा गेला, पुढे दोनेक वर्षांत पत्नीही गेली. पेंटनव्हिल भागातील एका लहानशा घरात तो एकटा राहू लागला. रोज संध्याकाळी तो जवळच्या गुत्त्यात जुन्या मित्रांत जाऊन बसे. तेथे त्याला ऐकणारे लोक होते. रात्र झाली की गुत्त्याचा मालक त्याला पाठीवर घेऊन घरी पोहोचवीत असे. कारण पाय चालत नव्हते. 31 मे 1837 च्या रात्रीही तो असाच आनंदात घरी आला, निजला आणि झोपेतच मरण पावला. त्याच्या वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली होती.

अखेरच्या वर्षांत त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या व्यवस्थित करून छापण्याचे काम प्रकाशकाने एका तरुण लेखकाकडे सोपविले आणि 1838 साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. तो लेखक म्हणजे चार्ल्स डिकन्स! अनाथ आणि दरिद्री मुलांची दुःखे ज्याने पुढे जगापुढे मांडली, त्याच्याच हातून या विदूषकाचे दुःखही जगाला कळावे, हा एक सुंदर योगच म्हणावयाचा.

लंडनमध्ये दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ग्रिमाल्डीच्या स्मरणार्थ चर्चमध्ये प्रार्थना होते, आणि तिला शेकडो विदूषक चेहरे रंगवून, भडक पोशाख घालून उपस्थित राहतात, हे आम्ही वाचले आहे. ज्या जागी त्याला पुरले तेथे आता त्याच्या नावाचे उद्यान आहे. तेथील जमिनीत 2010 साली शवपेटीच्या आकाराच्या दोन फरशा बसविण्यात आल्या. एक ग्रिमाल्डीसाठी आणि दुसरी त्याच्या एका नाट्यव्यवसायी सहकाऱ्यासाठी. त्यांवर पाय आपटून नाचले की सूर उमटतात. मुले तेथे येऊन नाचतात. ज्याला पायांनी दगा दिला, त्याच्या स्मारकावर मुलांच्या पायांनी गाणे वाजावे, यापरते उचित स्मारक आम्हांस तरी सुचत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा घोटा केव्हाच बरा झाला. या वर्षीच्या संमेलनातही विनोदी काम आपल्यालाच मिळावे, म्हणून तो आतापासून आमच्या मागे लागला आहे. आम्ही त्याला काम देण्याचे कबूल केले आहे. मात्र एक अट घातली आहे : काही दुखले खुपले तर पुढच्या प्रवेशापूर्वी त्याने आम्हांस येऊन सांगावयाचे. नाटक थोडा वेळ थांबले तरी चालेल. मांडवातील मंडळी आपलीच आहेत. ती वाट पाहतील.